गुडघा का वाकतो?

जिम्नॅस्टिक्सच्या कोणत्याही हॉलमध्ये संध्याकाळच्या बॅचला ‘गुडघे!’ ही हाक सतत ऐकू येते. आठ-नऊ वर्षांची मुलगी मागे झेप घेते, हातांवर येते आणि पुन्हा पायांवर उभी राहते. या कौशल्याला सगळे फ्लिक म्हणतात. हात जमिनीला लागायच्या आधी, हवेत असताना, तिचे गुडघे वाकतात. सर सांगतात, ताई सांगतात, ती मान हलवते, पुन्हा करते आणि गुडघे पुन्हा वाकतात. काय करायचे हे तिला माहीत नाही असे मुळीच नाही. उभ्याउभ्या विचारले तर ती पाय ताठ करून, चवडे ताणून दाखवते. हे महिनोन्महिने चालले की तिच्यावर शिक्के बसू लागतात: लक्ष देत नाही, आळशी आहे, हट्टी आहे. माझे म्हणणे असे की हे तिन्ही शिक्के बहुतेक वेळा चुकीचे असतात. जी चूक इतकी सांगूनही टिकून राहते, ती त्या शरीराने एका खऱ्या अडचणीवर शोधलेले उत्तर असते. अडचण जागच्या जागी ठेवून तिचे उत्तर तेवढे काढून घेता येत नाही. आणि अडचण दूर केली तरी जुने उत्तर शरीराच्या स्मरणातून आपोआप जात नाही. या दोन गोष्टी मान्य केल्या तर चूक सुधारण्याची आपली रूढ पद्धत बरीच बदलावी लागते.

आधी हे पाहू की वाकलेल्या गुडघ्याची एवढी चिंता का करायची. १९७६मध्ये माँट्रिअलच्या ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्ट नादिया कोमानेचीला १० गुण मिळाले, तेव्हा अवघडपणा आणि सफाई एकाच अंकात मोजली जात असे. २००६पासून दोन्हींचे हिशेब वेगळे झाले. अवघडपणाच्या गुणांना वरची मर्यादा उरली नाही आणि सफाईचे गुण १०पासून सुरू होऊन खाली उतरू लागले. लहान चुकीला ०.१०, मध्यम चुकीला ०.३०, मोठ्या चुकीला ०.५० आणि पडल्यास पूर्ण १ गुण जातो. गुडघा किती वाकला यावर पहिल्या तीनपैकी एक कपात होते. पाय एकमेकांपासून सुटले तर त्याचा हिशेब वेगळा आणि चवडे सैल राहिले तर तोही वेगळा. सवयीची चूक महाग पडते ती इथे. एखाद्या दिवशी तोल गेला तर एकदाच गुण जातात, सवय मात्र प्रत्येक कौशल्यात बरोबर येते. महिलांच्या फ्लोअर किंवा बीमच्या संचात अवघडपणासाठी आठ घटक मोजले जातात. आठही घटकांत गुडघा जरासा वाकला तर ०.८० जातात आणि मध्यम वाकला तर २.४०. या आकड्यांचे वजन समजायला २०१६चा रिओ ऑलिंपिकमधला व्हॉल्टचा अंतिम सामना आठवावा. भारताची दीपा कर्माकर १५.०६६ गुणांसह चौथी आली आणि स्वित्झर्लंडच्या जुलिया श्टाइनग्रुबरला १५.२१६ गुणांवर कांस्यपदक मिळाले. हे गुण दोन उड्यांची सरासरी असतात. म्हणजे दोन्ही उड्या मिळून फरक होता ०.३०० गुणांचा, एका मध्यम चुकीएवढा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चूक हे शरीराने शोधलेले उत्तर असते, याला आधार काय? १९२०च्या दशकात मॉस्कोच्या केंद्रीय श्रम संस्थेत निकोलाय बर्नस्टाइन या शास्त्रज्ञाने छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या अनुभवी कामगारांच्या हालचालींचे चित्रण केले. एकाच कामगाराचे लागोपाठचे घाव तपासले तर हातोड्याचे टोक जवळजवळ त्याच ठिकाणी पडत होते. खांदा, कोपर आणि मनगट मात्र दर वेळी थोड्या वेगळ्या कोनांतून गेलेले दिसत होते. एका सांध्यात काही कमी-जास्त झाले की दुसरा ते भरून काढत होता. यातून बर्नस्टाइनने मांडलेली गोष्ट आजही प्रशिक्षणाच्या मुळाशी आहे: मज्जासंस्था सांध्यांचे ठरावीक कोन पाठ करत नाही, ती काम पार पाडण्याचा प्रश्न सोडवते आणि हाताशी असेल त्या साधनाने सोडवते. फ्लिक करणाऱ्या मुलीच्या शरीरासमोरचा प्रश्न ‘सुंदर दिसायचे कसे’ हा नसतो. ‘डोके आपटू न देता हातांवर पोचायचे आणि पुन्हा पायांवर यायचे’ हा असतो. तो प्रश्न वाकलेल्या गुडघ्यांनी सुटत असेल, तर शरीर गुडघे वाकवणारच.

वाकलेल्या गुडघ्यांनी तो सुटतो कसा, हे भौतिकशास्त्रात स्वच्छ दिसते. जमीन सोडली की शरीराला मिळालेली फिरकी वाढवता येत नाही, तिचा वापर कसा करायचा एवढेच हातात राहते. वस्तुमान अक्षापासून दूर पसरलेले असेल तर शरीर सावकाश फिरते, जवळ ओढले तर वेगाने. म्हणूनच गोळा होऊन मारलेली कोलांटी सोपी आणि ताणलेल्या शरीराची कठीण. गोळा झालेल्या शरीराचा फिरण्याला होणारा विरोध ताणलेल्या शरीराच्या तुलनेत तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. पाय हा शरीराचा लांब आणि जड भाग आहे. जमीन सोडताना मुलीला पुरेसा रेटा मिळाला नसेल, तर गुडघे वाकवून पाय आखूड करणे हा उरलेल्या फिरकीत काम भागवण्याचा उत्तम उपाय ठरतो. चूक घडते जमिनीवर आणि दिसते हवेत. प्रशिक्षक जिथे बोट ठेवतो तो गुडघा परिणाम असतो, कारण त्याच्या अर्धा सेकंद आधी होऊन गेलेले असते. त्या क्षणी खरोखरच गुडघे ताठ ठेवले तर काय होईल, याचाही विचार करायला हवा. फिरकी अपुरी असताना लांब शरीर वेळेत फिरणार नाही आणि मुलगी डोक्याच्या किंवा मानेच्या जवळ उतरेल. म्हणजे ‘गुडघे सरळ’ ही आज्ञा ती पाळत नाही, तेव्हा तिचे शरीर तिला वाचवत असते.

तेव्हा पहिले काम निदानाचे. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. तेच कौशल्य वेगवेगळ्या परिस्थितीत करून पाहायचे आणि चूक कुठे नाहीशी होते ते टिपायचे. चूक कुठे होते हे सगळ्यांनाच दिसते, ती कुठे होत नाही यात निदान दडलेले असते. मुलगी उतरत्या गादीवरून फ्लिक करते तेव्हा तिला पाय टेकायला थोडा जास्त वेळ आणि थोडी जास्त उंची मिळते. तिथे गुडघे ताठ राहत असतील आणि सपाट जमिनीवर वाकत असतील, तर कमतरता रेट्याची आहे. मग सुरुवातीची बैठक पाहायची. मागे खुर्चीवर बसल्यासारखे बसताना गुडघे चवड्यांच्या पुढे गेले की वजन पुढे राहते, रेटा मागे मिळत नाही, झेप आखूड होते आणि हात पायांच्या अगदी जवळ पडतात. गुडघे घोट्यांच्या वर राहून कंबर मागे गेली आणि तोल जाऊ लागल्यावर पाय जोरात सरळ झाले, तर झेप लांब आणि सपाट जाते. जागेवरून केलेल्या फ्लिकमध्ये गुडघे ताठ राहतात पण आधी राउंड ऑफ (धावत येऊन हातांवरून वळत दोन्ही पायांवर उतरणे) जोडला की वाकतात, असे दिसले तर दोष फ्लिकमध्ये नाहीच, तो राउंड ऑफमध्ये आहे. राउंड ऑफ संपताना छाती खाली राहून पाय फार मागे पडले की आडवा वेग अडतो, शरीर वर उडते आणि फ्लिकला लागणारी मागची झेप मिळत नाही. अशा मुलीकडून फ्लिकची शंभर आवर्तने करून घेणे म्हणजे तिचा आणि प्रशिक्षकाचा वेळ वाया घालवणे आहे. तिला राउंड ऑफ हवा आहे. हँडस्टँडमध्ये नुसते उभे राहिल्यावरही गुडघे सैल पडत असतील, तर प्रश्न आणखी खालच्या पायरीवर आहे: मांड्या, पोट आणि नितंब एकत्र आवळून शरीराची एकच घट्ट रेषा करणे तिला अजून जमलेले नाही. मग फ्लिक बाजूला ठेवून पोट भिंतीकडे करून धरलेला हँडस्टँड, पाठीवर आणि पोटावर पडून धरलेले ताणलेले आकार यांवर काही आठवडे द्यावे लागतात.

स्नायूंच्या रचनेमुळे या निदानात एक गुंता येतो. मांडीच्या मागच्या बाजूचे स्नायू दोन सांधे ओलांडतात. ते कंबरेपासचा सांधा मागे ताणतात आणि गुडघा वाकवतात. पाय ताठ ठेवून कंबरेत पुढे वाकले की हे स्नायू सर्वांत जास्त ताणले जातात. म्हणून बार्सवर वर येताना, पाईक आकारात (पाय सरळ ठेवून कंबरेत घडी घालताना) किंवा पाय उंच फेकताना ज्या मुलीचे गुडघे वाकतात तिचे हे स्नायू आखूड असण्याची शक्यता तपासायला हवी. तिला जमिनीवर बसवून, पाय सरळ ठेवून पुढे वाकायला सांगितले की उत्तर मिळते. तिथेही गुडघे वर येत असतील, तर अधिक वेगात आणि हवेत ते सरळ राहण्याची आशा करणे व्यर्थ आहे. फ्लिकमध्ये गोष्ट उलटी असते. तिथे शरीर मागे कमानीत जाते. कंबर उघडण्याचे काम नितंबांच्या मोठ्या स्नायूंनी करायचे असते. ते दुबळे असले की मांडीमागचे स्नायू ते काम अंगावर घेतात आणि कंबर उघडता उघडता गुडघाही ओढून वाकवतात. खांदे पुरेसे उघडत नसतील तर हात कानांमागे जात नाहीत, हात जमिनीवर न्यायला जास्त फिरावे लागते आणि मग एक तर गुडघे वाकतात, नाही तर सगळी कमान कंबरेच्या खालच्या मणक्यांवर येते. हा दुसरा पर्याय दिसायला कधी कधी बरा असतो, पण अधिक घातक असतो. कंबरेच्या मणक्यात ताणामुळे पडणारी भेग जिम्नॅस्टमध्ये इतर मुलांपेक्षा जास्त आढळते, हे वैद्यकशास्त्राला १९७०च्या दशकापासून माहीत आहे. म्हणजे एकच वाकलेला गुडघा एका मुलीत ताणाचे व्यायाम मागतो, दुसरीत नितंबांची ताकद, तिसरीत मोकळे खांदे. तिघींना एकच आज्ञा देऊन एकच परिणाम कसा मिळेल?

आणि मग भीती. आधार द्यायला हात असताना गुडघे ताठ राहतात आणि हात काढताच वाकतात, तेव्हा शरीर सक्षम असते पण मन लवकरात लवकर जमिनीवर परतायला धडपडत असते. पाय आखूड करणे म्हणजे हवेतला वेळ कमी करणे. या भीतीला आपल्याकडे धाकाने उत्तर देण्याची रीत आहे आणि ती मला अतिशय चुकीची वाटते. भीती ही माहिती असते: माझी तयारी अजून पुरी झालेली नाही, असे ती सांगत असते. ती दडपण्याची किंमत जिम्नॅस्टिक्सच्या इतिहासात लिहिलेली आहे. १९७८ची विश्वविजेती एलेना मुखिना पायाचे हाड मोडल्यानंतर पूर्ण सावरलेली नसताना मॉस्को ऑलिंपिकसाठी थॉमस साल्टो ही धोकादायक कोलांटी करत होती. जुलै १९८०मध्ये, स्पर्धेला काही आठवडे उरलेले असताना, सरावात तिची फिरकी अपुरी पडली, ती हनुवटीवर उतरली आणि आयुष्यभरासाठी तिचे हातपाय निकामी झाले. त्या प्रकारच्या, लोळत उतरायच्या कोलांट्या पुढे महिलांसाठी बंद केल्या गेल्या. आठ वर्षांच्या मुलीची फ्लिक आणि मुखिनाचे कौशल्य यांत फार अंतर आहे हे खरे, पण अपुऱ्या फिरकीचे भौतिकशास्त्र दोन्हीकडे तेच असते. भित्र्या मुलीला जाड गादी, उतार आणि हळूहळू कमी होत जाणारा आधार हवा असतो. प्रशिक्षकाचा हात एका दिवसात नाहीसा होता कामा नये. आधी तो उचलतो, मग नुसता पाठीला लागतो, मग जवळ असतो, मग लांब जातो.

मूळ अडचणीवर काम केल्याने काय होऊ शकते, याचे भारतीय उदाहरण पुन्हा दीपा कर्माकरचेच आहे. आगरताळ्यात वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास ती जिम्नॅस्टिक्सकडे आली तेव्हा तिचे तळपाय सपाट होते. सपाट तळपायाने धाव, उसळी आणि उतरणे हे सगळेच कमजोर होते. ‘नीट उतर’ असे कितीही वेळा सांगून तळपायाला कमान येत नाही. तिच्या बाबतीत पायाच्या स्नायूंवर दीर्घकाळ वेगळी मेहनत घेतली गेली आणि बिश्वेश्वर नंदी यांच्या मार्गदर्शनाखाली तीच मुलगी पुढे प्रोदुनोवा हा जगातल्या सर्वांत अवघड व्हॉल्टपैकी एक व्हॉल्ट करू लागली. रिओच्या वेळी त्याच्या अवघडपणाला ७.० गुण होते. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीची वाट तळपायाच्या कंटाळवाण्या व्यायामांतून गेली, हे आपल्या हॉलमध्ये वारंवार सांगण्यासारखे आहे.

समजा निदान झाले, ताकद आली, खांदे मोकळे झाले, राउंड ऑफ सुधारला. तरीही गुडघे वाकतच राहतात, असे अनेकदा होते. इथे प्रशिक्षक निराश होतात आणि ‘आता तर कारणही उरले नाही, म्हणजे हिचेच लक्ष नाही’ असे म्हणू लागतात. पण सवय तिच्या कारणापेक्षा जास्त जगते. १९६७मध्ये पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे मांडले. आधी विचार करून करणे, मग चुका कमी करत जोडत जाणे आणि शेवटी विचाराशिवाय आपोआप घडणे. ज्या मुलीने वर्षभर वाकलेल्या गुडघ्यांनी फ्लिक केली आहे, तिची चूक या तिसऱ्या टप्प्यावर जाऊन बसलेली असते. तिच्यासाठी गुडघा वाकणे हा फ्लिकचाच भाग आहे. जुने शिक्षण पुसले जात नाही, हेही प्रयोगांनी दाखवलेले आहे. पाव्हलोव्हच्या कुत्र्यांची घंटेला लाळ गाळण्याची सवय अन्न न देता मोडली, तरी काही काळ विश्रांती दिल्यावर ती आपोआप परत दिसे. नवे शिक्षण जुन्याच्या शेजारी उभे राहते आणि त्याला दाबून धरते, ते जुन्याची जागा रिकामी करत नाही. त्यामुळे थकवा, दडपण, नवा हॉल, सुट्टीनंतरचा पहिला दिवस अशा वेळी जुना गुडघा परत येणार, हे धरून चालावे. तो परत आला म्हणजे मेहनत वाया गेली असे होत नाही.

यातून सरावाची एक व्यावहारिक दिशा निघते. नवी हालचाल जुन्या हालचालीपेक्षा शक्य तितकी वेगळी वाटली पाहिजे, म्हणजे जुनी सवय जागीच होणार नाही. म्हणून काही काळ पूर्ण फ्लिक थांबवून तिचे तुकडे करायचे. मागे झेप घेऊन उंच रचलेल्या गाद्यांवर ताणलेल्या शरीराने पाठीवर पडणे, मोठ्या गोल पिंपासारख्या गादीवरून मागे लोळत हातांवर येणे, उंच ठोकळ्यावर धरलेल्या हँडस्टँडमधून पाय झटकन खाली आणणे, हे सगळे तुकडे नव्या आकारात पक्के करायचे. मग उतारावर जोडायचे, मग उतार कमी करायचा. प्रत्येक पायरीवर नियम एकच: गुडघे वाकले की एक पायरी खाली. वाकलेल्या गुडघ्यांनी केलेले प्रत्येक आवर्तन जुन्या सवयीचाच सराव असते, मग ते करताना मुलगी कितीही घामाघूम झालेली असो.

बोलायचे काय, यावरही गेल्या काही दशकांत बरेच संशोधन झाले आहे. १९९८मध्ये गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी स्कीइंगच्या हालचालीची नक्कल करणाऱ्या यंत्रावर प्रयोग केला. आपल्या पायांकडे लक्ष द्यायला सांगितलेल्यांपेक्षा पायाखालच्या चाकांवर होणाऱ्या परिणामाकडे लक्ष देणारे अधिक चांगले शिकले. जिम्नॅस्टिक्समध्येही असेच दिसले. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे बारा वर्षांच्या जिम्नॅस्ट मुलामुलींना उडी मारून हवेत अर्धा वळसा घ्यायचा होता. एका वेळी त्यांना हातांच्या दिशेकडे लक्ष द्यायला सांगितले, दुसऱ्या वेळी छातीवर चिकटवलेल्या पट्टीच्या दिशेकडे. हात छातीवरच घेतलेले होते, म्हणजे दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच जागी. तरी पट्टीकडे लक्ष दिल्यावर उडी उंच गेली आणि सफाईतल्या चुका कमी झाल्या. स्वतःच्या अवयवावर नजर रोखली की आपोआप चालणारी यंत्रणा अडखळते, असा याचा अर्थ लावला जातो. मग ‘गुडघे सरळ’ऐवजी घोट्यांमध्ये स्पंजचा तुकडा धरायला देऊन ‘हा पडू देऊ नकोस’ सांगावे, ‘चवड्यांनी छतावर रेघ मार’ सांगावे, ‘जमिनीला मागे ढकल’ सांगावे. गुडघा हा शब्द उच्चारायचाच नाही, असा महिनाभर नेम करून पाहण्यासारखा आहे.

प्रत्येक प्रयत्नानंतर सांगावे का? प्रौढांवरच्या प्रयोगांत कमी वेळा सांगितलेले अधिक टिकते, असे १९९०च्या सुमारास दिसून आले आणि तो नियम सर्वत्र लागू केला गेला. पण २००८च्या एका अभ्यासात ८ ते १४ वर्षांच्या मुलांना वारंवार मिळालेल्या माहितीचा प्रौढांपेक्षा जास्त फायदा झाला. मुलांना प्रौढांचे नियम जसेच्या तसे लावू नयेत, एवढा धडा त्यातून घ्यावा. सुरुवातीला भरपूर सांगावे, मग कमी करत जावे. आणि चांगल्या प्रयत्नानंतर सांगितलेले वाईट प्रयत्नानंतर सांगितलेल्यापेक्षा अधिक उपयोगी पडते, असा पुरावा २००७पासून आहे. आपल्या हॉलमध्ये मात्र चूक झाली की आवाज चढतो आणि जमले की शांतता असते. मोबाईलवर संथ गतीत चित्रण करून तिला दाखवायचे असेल तर तिचा आजचा सर्वांत चांगला प्रयत्न आधी दाखवावा.

या सगळ्यावर काही रास्त आक्षेप येतात. पहिला कडक शिस्तीचा: जगातल्या मोठ्या संघांनी ओरडून, हजारो आवर्तने करवून घेऊनच पदके मिळवली, मग हे लाड कशाला? आवर्तने हवीतच, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या व्यवस्था हजारो मुलांतून निवड करतात, त्यांच्या पदकांवरून पद्धतीची परीक्षा होत नाही. पद्धतीमुळे मोडलेल्या मुली त्या यादीत दिसत नाहीत. शिवाय अपुऱ्या रेट्याची मुलगी ओरडल्याने जास्त रेटा देऊ लागत नाही. दुसरा आक्षेप वेळेचा. राज्य स्पर्धा सहा आठवड्यांवर असताना फ्लिकचे तुकडे कोण करणार? या आक्षेपाशी मी सहमत आहे. सवय बदलताना मध्ये काही काळ कामगिरी खालावते, म्हणून स्पर्धेच्या तोंडावर हे काम हाती घेऊ नये. गुण गेले तर जाऊ द्यावेत आणि स्पर्धा संपल्याच्या दुसऱ्या आठवड्यात कामाला लागावे. अडचण ही की आपल्याकडे तो दुसरा आठवडा कधी येत नाही, कारण पुढची स्पर्धा समोर असते. वर्षातले दोन-तीन महिने स्पर्धेविना ठेवणे हा प्रशिक्षकाचा आणि पालकांचा निर्णय आहे, तो मुलीच्या हातात नसतो.

तिसरा आक्षेप सर्वांत मोहक आहे: लहान आहे, ताकद आली की आपोआप सुधारेल, तोवर पुढची कौशल्ये शिकवू. काही चुका खरोखरच ताकदीबरोबर जातात. पण फ्लिक ही जोडणारी कडी आहे. तिच्यातून मिळालेल्या वेगावर पुढच्या कोलांट्या उभ्या राहतात, व्हॉल्टवरचा युर्चेंको हा प्रकारही तिच्याच नात्यातला, आणि १० सेंटिमीटर रुंदीच्या बीमवरही ती करावी लागते. कच्च्या कडीवर चढवलेले प्रत्येक कौशल्य तिच्या चुकीला अधिक घट्ट करते. त्यातच वाढीचे वय येते. मुली साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढतात आणि हातपाय धडाच्या आधी लांबतात. पायाची लांबी वाढली की फिरण्याला होणारा विरोध लांबीच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यात वजनाची भर पडते. ताकद मात्र लगेच त्या वेगाने वाढत नाही. म्हणजे नवव्या वर्षी थोडी अपुरी असलेली फिरकी बाराव्या वर्षी फारच अपुरी ठरते. ज्या वयात चूक आपोआप जाईल म्हणून वाट पाहिली, त्याच वयात ती बळावते, आणि तेव्हा शरीर जड असते, उड्या उंच असतात, पडण्याची किंमत मोठी असते.

शेवटचा आक्षेप साधनांचा. फोमचे खड्डे, उतरत्या गाद्या, ट्रॅम्पोलिन हे सगळे मोठ्या केंद्रांत असते. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुली शाळेच्या सभागृहात किंवा व्यायामशाळेतल्या मल्लखांबाशेजारी अंथरलेल्या चार गाद्यांवर शिकतात, त्यांनी काय करायचे? वर सांगितलेल्यातले बरेचसे भिंत, स्पंज, एकावर एक रचलेल्या गाद्या आणि एका टोकाला उंच केलेली, न घसरणारी भक्कम फळी एवढ्यावर होते. खांदे तपासायला भिंत पुरते, मांडीमागचे स्नायू तपासायला जमीन. खरी टंचाई गाद्यांपेक्षा वेळेची असते. तीस मुलांच्या बॅचमध्ये एका मुलीच्या गुडघ्याचे कारण शोधायला सरांना दहा मिनिटेही मिळत नाहीत आणि ‘गुडघे!’ ही एक हाक तीसही जणांना एकदम देता येते. म्हणून पालकांना एक विनंती. मुलीला नवी उडी कधी शिकवणार, हे विचारण्याआधी तिच्या सरांना किंवा ताईंना विचारा की तिचा गुडघा कशामुळे वाकतो आणि ते कारण घालवण्यासाठी या महिन्यात काय चालले आहे. ते म्हणाले की दोन महिने फ्लिक बंद ठेवून राउंड ऑफ आणि हँडस्टँडवर काम करायचे आहे, तर त्यांना तो वेळ द्या.